थंडी पडली की राखेचे ठोकळे कच्चे का राहतात?

वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख म्हणजेच फ्लाय अ‍ॅश, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांपासून सिमेंटविरहित पेव्हर ब्लॉक करणाऱ्यांना खान्देशात दिवाळीनंतर हमखास सतावणारी एक तक्रार आहे. एप्रिल-मेमध्ये ज्या मिश्रणाचे ठोकळे एकमेकांवर आपटले असता खणखणीत वाजत होते, त्याच मिश्रणाचे ठोकळे डिसेंबर-जानेवारीत नखाने खरवडले तरी भुगा सोडतात, कडा ढासळतात आणि क्यूबचे (चाचणीसाठी भरलेल्या घनाकार नमुन्याचे) दाबसामर्थ्य निम्म्यावर येते. मिश्रणाचा तक्ता तोच, माणसे तीच, मिक्सर तोच. होळी उलटली की ताकद आपोआप परत येते आणि सगळेजण विषय विसरतात. पुढच्या दिवाळीनंतर तो पुन्हा उभा राहतो.

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजनिर्मिती केंद्र असल्यामुळे राख ही आपल्या भागाला परकी वस्तू नाही, आणि राखेच्या सिमेंट-विटाही येथे पुष्कळ होतात. अल्कलीने, म्हणजे कॉस्टिक-सिलिकेटच्या द्रावणाने, सक्रिय केलेले बंधक (कण जोडणारा पदार्थ) मात्र सिमेंटपेक्षा वेगळ्या स्वभावाचे आहे आणि सिमेंटवर घडलेल्या सवयी त्याला लावल्या की घोटाळा होतो. जळगाव आणि भुसावळच्या मधल्या पट्ट्यातील एका लहान यार्डाच्या गुणवत्ता तपासणीचे काम मी पाहतो. तेथे आम्ही दोन हिवाळे या समस्येशी झुंजलो आणि पहिला हिवाळा, स्पष्टच सांगायचे तर, चुकीच्या दिशेने घालवला. ताकद घटली की कॉस्टिकची मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, वाढवायची, एवढाच उपाय आम्हांला तेव्हा ठाऊक होता. दहाचे बारा केले, बाराचे चौदा केले. खर्च वाढला, ठोकळ्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा क्षार फुटू लागला, आणि ताकद जेथे होती तेथेच राहिली.

प्रथम घट खरी आहे का, ते पाहावे

मिश्रणाला हात लावण्यापूर्वी तपासणीची पद्धत पडताळावी. तीन क्यूबपैकी एखाद्याचा निकाल सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असेल, तर दोष बंधकात शोधण्याऐवजी क्यूब भरण्यात, पृष्ठभागाच्या सपाटीत किंवा यंत्रावर क्यूब ठेवण्याच्या पद्धतीत शोधावा. भार देण्याचा वेग मिनिटाला चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन असावा. घाईत तो दुप्पट झाला की आकडा फुगतो, आणि मग पुढच्या महिन्यात कोणी नीट चाचणी घेतली तर ताकद ‘घटल्यासारखी’ दिसते. चेंबरमधून, म्हणजे ठोकळे हीटरने गरम ठेवण्याच्या बंद खोलीतून, काढलेला गरम क्यूब तसाच यंत्रात ठेवू नये.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न कोरड्या आणि ओल्या चाचणीचा आहे. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकानुसार ठोकळे चाचणीआधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे असतात. सिमेंटच्या ठोकळ्यात कोरड्या-ओल्या निकालांतील फरक मर्यादित असतो, पण कच्च्या राहिलेल्या राखेच्या ठोकळ्यात तो धक्कादायक असू शकतो. त्याचे कारण असे की, सोडियम सिलिकेट नुसते सुकले तरी काचेसारखा चिकट थर धरते आणि राखेचे कण एकमेकांना डिंकासारखे चिकटवून ठेवते. अशा ठोकळ्याची कोरडी चाचणी चांगली येते, परंतु तो पाण्यात पडला की हा डिंक विरघळू लागतो आणि खरी स्थिती उघडी पडते. म्हणून संशयित लॉटमधील काही ठोकळे कोरडे आणि काही दिवसभर भिजवून तपासावेत. दोन्ही निकाल कमी आले तर मिश्रणात पाणी जास्त आहे, ठासणी नीट झालेली नाही किंवा अल्कलीच कमी पडते आहे, अशी शंका घ्यावी. कोरडा निकाल चांगला आणि ओला फार कमी आला, तर अभिक्रियाच पूर्ण झालेली नाही. आमच्या पहिल्या हिवाळ्यात ही एक चाचणी घेतली असती तर मोलॅरिटीचा सगळा खटाटोप वाचला असता.

उष्णता: चेंबरची नव्हे, ठोकळ्याची

कमी चुन्याच्या राखेतील बंधक कसे तयार होते हे लक्षात घेतले, तर हिवाळ्याचा दोष समजायला वेळ लागत नाही. राखेच्या कणांतील काचमय भागातून तीव्र अल्कली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळवते, आणि हे दोन घटक पुन्हा एकत्र येऊन सोडियम-अ‍ॅल्युमिनोसिलिकेटचा जेल तयार करतात. विरघळण्याची ही पायरी अतिशय मंद असते आणि तापमानावर फार अवलंबून असते. ६० ते ८० अंश सेल्सिअसला २४ तासांत जे घडते, ते १५ अंशांना कित्येक आठवड्यांतही घडत नाही. सिमेंट थंडीत उशिरा का होईना जमते, पण नुसत्या राखेचे मिश्रण दुसऱ्या दिवशीही साच्यातून काढता न येण्याइतके मऊ राहू शकते.

खान्देशचा उन्हाळा येथे सर्वांना फसवतो. पारा ४४-४५ अंशांवर, पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही जास्त, खडी आणि राख सकाळी दहालाच गरम. अशा वातावरणात ताडपत्रीखाली झाकलेला ठोकळा दिवसभर आयतीच भट्टी अनुभवतो. ‘आमचे मिश्रण चेंबरशिवाय जमते’ हा विश्वास मे महिन्यात तयार होतो. प्रत्यक्षात ते काम मिश्रण करत नसते, ऊन करत असते. जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते तेव्हा ही फुकटची मदत थांबते.

आमच्याकडे चेंबर होते आणि तरीही ठोकळे कच्चे राहत होते, त्यामुळे थंडीकडे बोट दाखवायला कोणी तयार नव्हते. चेंबरच्या दारावरील काटा तर इमानदारीने ६५ दाखवत होता. शेवटी एका थंड पहाटे मी एक उपाय केला. ठोकळे भरतानाच तीन ठोकळ्यांच्या पोटात तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारा बसवल्या, आणि ते ठोकळे थप्पीच्या वर, मध्यभागी आणि तळाशी कोपऱ्यात ठेवले. हीटर सुरू झाल्यावर अडीच तासांत दारावरचा काटा ६५ वर पोहोचला. त्या वेळी वरचा ठोकळा ५१ अंशांवर होता, मधला ३० वर आणि तळाच्या कोपऱ्यातला २३ वर. काट्याचा संवेदक हीटरच्या तोंडाशी, छताजवळ बसवलेला होता. टायमर हीटर सुरू केल्यापासून १४ तासांचा लावलेला असे. उन्हाळ्यात ठोकळे आत जातानाच ४० अंशांचे असल्यामुळे ते १४ तास पुरत होते. हिवाळ्यात १२ अंशांचे ठोकळे आत जात आणि त्यांतील निम्मी रात्र केवळ गरम होण्यात संपे. तळाच्या थरातील ठोकळ्यांनी ६० अंश तापमान जेमतेम तीन तास पाहिले होते.

उपाय साधे निघाले. टायमर आता थप्पीच्या मध्यावरील ठोकळा ६० अंशांवर पोहोचल्यापासून धरला जातो, आतील हवा फिरवण्यासाठी पंखा बसवला आहे, भिंतीलगत आणि दोन थप्प्यांमध्ये हवेसाठी वीतभर जागा सोडली जाते. ताकदीतील घटीचा मोठा वाटा एवढ्याने भरून निघाला. रात्री वीज गेली असेल तर ते तास मोजायचे नाहीत, हेही नोंदवहीवर लिहून ठेवले आहे.

उष्णतेइतकाच ओलावा महत्त्वाचा आहे, आणि येथे उन्हाळादेखील निर्दोष नाही. अल्कलीच्या अभिक्रियेत पाणी सिमेंटप्रमाणे जेलमध्ये फारसे बांधले जात नाही. ते विरघळलेल्या घटकांना इकडून तिकडे नेणारे वाहन आहे. हे वाहन अर्ध्या वाटेत उडून गेले तर अभिक्रिया तेथेच थांबते. उघड्या ठोकळ्यांना गरम कोरडी हवा लागली की वरचे काही मिलिमीटर पिठासारखे होतात, बारीक भेगा पडतात आणि आतला गाभा मात्र घट्ट असतो. चेंबरमध्ये असो वा बाहेर, ठोकळे प्लॅस्टिकच्या कापडाने कडा दाबून झाकलेले असावेत. ९० अंशांच्या वर नेण्याचा मोह टाळावा. झाकण सैल असेल तर तेथे मिळवण्यापेक्षा गमावणेच जास्त होते. मिश्रण ओतल्यानंतर काही तास, शक्य असल्यास एक पूर्ण दिवस, झाकून स्वस्थ ठेवून मगच गरम केल्यास ताकद बहुधा वाढते, कमी होत नाही. त्यामुळे संध्याकाळी भरलेला माल त्याच रात्री चेंबरमध्ये ढकलण्याची घाई करण्याचे कारण नाही.

आणखी एक सवय आवर्जून मोडावी लागते. सिमेंटवर काम केलेला माणूस ठोकळा दिसला की नळी घेऊन पाणी मारायला धावतो. ताज्या अल्कली-ठोकळ्यावर पाणी मारणे म्हणजे त्याची अल्कली धुऊन नेणे होय. आमच्याकडील एक अनुभवी गवंडी आप्पा आजही माझ्या या म्हणण्यावर मान हलवतात, पण नळी मात्र आता दूर ठेवतात.

द्रावण: तक्त्यावरचे आणि ड्रममधले

उष्णतेचा प्रश्न सुटल्यावरही काही लॉट मध्येच घसरत होते. द्रावण तयार करणारा धुळ्याकडचा मुलगा शपथेवर सांगत होता, “भाऊ, मी तं रोजना मायकच टाकं.” तो खरे बोलत होता. तो रोजच्यासारखेच टाकत होता, फक्त टाकण्याची वस्तू रोजच्यासारखी राहिली नव्हती.

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर तयार द्रावणातील मोल, एक लिटर पाण्यात टाकलेले मोल नव्हेत; कॉस्टिकचा एक मोल म्हणजे ४० ग्रॅम. १२ मोलच्या द्रावणासाठी ४८० ग्रॅम कॉस्टिक लागते, पण ते एक लिटर पाण्यात टाकले तर द्रावणाचे आकारमान वाढते आणि प्रत्यक्षात सुमारे ११ मोलचे द्रावण मिळते. बरोबर १२ मोल हवे असतील तर त्या ४८० ग्रॅमला पाणी साधारण ९०० ग्रॅमच घ्यावे लागते. कोणतीही एक पद्धत कायम पाळली तर फार बिघडत नाही. दिवसपाळी एका पद्धतीने आणि रातपाळी दुसऱ्या पद्धतीने करू लागली की क्यूबचे निकाल वरखाली होऊ लागतात. म्हणून तक्त्यावर मोलॅरिटी लिहिण्याऐवजी वजनाची टक्केवारी लिहावी, असे माझे ठाम मत झाले आहे: ८ मोलला सुमारे २५ टक्के, १० मोलला ३०, १२ मोलला ३५, १४ मोलला ३९. शंभर किलो द्रावणात किती किलो फ्लेक्स (कॉस्टिकच्या चकत्या), हे कोणालाही समजते.

फ्लेक्सची गोणी एकदा फोडली की ती हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. पावसाळ्यात तर गोणीच्या तोंडाशी गोळे होतात. अशा मालात वजन तेवढेच भरते, पण त्यातील काही भाग पाणी आणि काही भाग सोडियम कार्बोनेट असतो, जो राखेच्या दृष्टीने फार दुबळा आहे. ताज्या, गार झालेल्या द्रावणाची घनता हायड्रोमीटरने पाहावी. १० मोलला ती १.३३ च्या आणि १२ मोलला १.३८ च्या आसपास हवी. मात्र कार्बोनेटही घनता वाढवत असल्यामुळे हायड्रोमीटर त्याची चोरी पकडू शकत नाही. शंका असल्यास पातळ केलेल्या नमुन्याचे टायट्रेशन (आम्ल घालून खरे कॉस्टिक मोजण्याची चाचणी) प्रयोगशाळेतून करून घ्यावे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोडलेली गोणी त्याच दिवशी संपवणे.

चौदा मोलच्या नादाने हिवाळ्यात आम्ही आणखी एक संकट ओढवून घेतले होते. सुमारे ४० टक्के कॉस्टिकचे द्रावण १५ अंशांच्या आसपास स्फटिक धरू लागते, आणि आपल्याकडील थंडीच्या रात्री तर त्याहून कितीतरी खाली जातात. सकाळी ड्रमच्या तळाशी पांढरी साय बसलेली असायची, तोटी तुंबायची आणि मापाने घेतलेल्या द्रावणात कॉस्टिक नेमके किती आले याचा भरवसा उरत नसे. ३० टक्क्यांच्या द्रावणाला हा त्रास आपल्या हवामानात होत नाही. सिलिकेटही थंडीत मधासारखे दाट होते. ते डब्याने मोजले तर बरेचसे डब्याच्या अंगालाच राहते, म्हणून दोन्ही द्रावणे वजनानेच घ्यावीत. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. चष्मा आणि रबरी हातमोजे यांविषयी सवलत देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमची भांडी या कामात मुळीच वापरू नयेत, कारण कॉस्टिक त्यांना खाते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडते.

खरा चोर मात्र सिलिकेटच्या ड्रममध्ये सापडला. बाजारात सोडियम सिलिकेट या एकाच नावाने वेगवेगळ्या प्रमाणाचे पदार्थ मिळतात. आमचा तक्ता ज्या सिलिकेटवर बसवलेला होता, त्यात सोडियम ऑक्साइड १४.७ टक्के आणि सिलिका २९.४ टक्के होती, म्हणजे दोहोंचे प्रमाण सुमारे दोनास एक. मध्येच जो माल आला तो ९ टक्के सोडियम ऑक्साइड आणि २८.८ टक्के सिलिकेचा होता, म्हणजे प्रमाण तीनाहून अधिक. दिसायला दोन्ही सारखेच, ड्रमही सारखेच. पुरवठादाराने काही लपवले नव्हते. चाचणीपत्र सोबत आले होते, ते आम्हीच वाचले नव्हते.

या बदलाचा परिणाम आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. १०० किलो राखेला ४० किलो द्रावण धरू. त्यात १० मोलचे कॉस्टिक द्रावण ११.४ किलो आणि सिलिकेट २८.६ किलो. जुन्या सिलिकेटने राखेच्या वजनाच्या सुमारे ६.८५ टक्के सोडियम ऑक्साइड मिळत होते, द्रावणातील सिलिका आणि सोडियम ऑक्साइड यांचे मोल-प्रमाण १.२७ होते आणि पाणी २४ किलो होते. नव्या सिलिकेटने सोडियम ऑक्साइड ५.२ टक्क्यांवर उतरले, मोल-प्रमाण १.६३ वर चढले आणि पाणी २५.८ किलो झाले. म्हणजे राख विरघळवणारी अल्कली चौथ्या हिश्शाने घटली, द्रावण चिकट झाले आणि जवळजवळ दोन किलो पाणी फुकट वाढले. तक्त्यातील एकही आकडा कोणी बदललेला नव्हता.

तेव्हापासून आम्ही मोलॅरिटी आणि सिलिकेट-कॉस्टिकचे अडीचास एक हे ठरीव प्रमाण, या दोन आकड्यांवर विसंबत नाही. प्रत्येक नव्या ड्रमच्या चाचणीपत्रावरून तीनच गोष्टी काढतो: राखेच्या शेकडा किती सोडियम ऑक्साइड, सिलिकेचे त्याच्याशी मोल-प्रमाण किती, आणि एकूण पाणी किती. सोडियम ऑक्साइड सर्वसाधारणपणे ६ ते ९ टक्क्यांच्या आत आणि मोल-प्रमाण १ ते दीडच्या दरम्यान ठेवले तर बहुतेक कमी चुन्याच्या राखांना ते मानवते. पातळी खाली गेली तर कॉस्टिक थोडे वाढवून आणि पाणी तेवढेच कमी करून ती परत आणता येते. अल्कली वाढवत राहण्यालाही मर्यादा आहे. अभिक्रियेत न वापरलेले सोडियम ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरा कार्बोनेट म्हणून फुटते. पहिल्या हिवाळ्यात आमच्या ठोकळ्यांवर दिसलेली बुरशी ती हीच.

राख: आरोप सगळ्यांत आधी, पुरावा सगळ्यांत शेवटी

ताकद घटली की यार्डात पहिले वाक्य ‘राखच खराब आली’ हे असते. आमच्या प्रकरणात राख निर्दोष ठरली, पण प्रत्येक वेळी तसे असेलच असे नाही. राख हा कारखान्यात ठरवून केलेला पदार्थ नव्हे. कोळसा, बॉयलरवरील भार आणि ती कोणत्या ठिकाणी गोळा केली यावर तिचा स्वभाव बदलतो. धूळ पकडणाऱ्या यंत्रणेच्या पहिल्या कप्प्यांत जाड कण बसतात आणि पुढच्या कप्प्यांत बारीक. बारीक राखेचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ती लवकर विरघळते. आयएस ३८१२ च्या पहिल्या भागात ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख उरू नये, जळताना होणारी घट ५ टक्क्यांच्या आत असावी आणि अभिक्रियाशील सिलिका किमान २० टक्के असावी, अशा अटी आहेत. या बंधकासाठी चाळणीची अट मी किमान मानतो; २० टक्क्यांच्या आत उरणारी राख मिळाली तर काम खूपच सोपे होते.

एकूण सिलिका भरपूर आहे, एवढ्यावरून राख चांगली ठरत नाही. तिच्यातील क्वार्ट्झ आणि म्युलाइट हे स्फटिकरूप भाग अल्कलीला जवळजवळ दाद देत नाहीत. काम करतो तो काचमय भाग. न जळलेला कोळसा तर दुहेरी नुकसान करतो. तो स्वतः काही करत नाही आणि वर द्रावण शोषून घेतो, मिश्रण कोरडे वाटते, आणि मिक्सरवरचा माणूस बादलीभर पाणी ओततो. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून उपसलेली ओली राख या कामात कधीही घेऊ नये. तिच्यात १० टक्के ओलावा असला तरी १०० किलोमागे १० किलो जास्तीचे पाणी येते, आणि वरच्या हिशेबात एकूण पाणीच २४ किलो होते हे लक्षात घेतल्यास पुढचे सांगायला नको.

राखेवर आरोप सिद्ध करण्याची आमची रीत अशी आहे. जो लॉट उत्तम निघतो त्यातील दहा किलो राख हवाबंद डब्यात भरून त्यावर तारीख लिहून ठेवतो. यार्डात तिला ‘साक्षीदार’ म्हणतात. घसरण दिसली की लहान साच्यांत, ७०.६ मिलिमीटरच्या क्यूबमध्ये, चार मिश्रणे करायची: साक्षीदार राख आणि प्रयोगशाळेत ताजे वजन करून केलेले द्रावण, साक्षीदार राख आणि यार्डातील द्रावण, नवी राख आणि ताजे द्रावण, नवी राख आणि यार्डातील द्रावण. चारही संच साच्यासकट प्लॅस्टिकमध्ये बांधून ओव्हनमध्ये ६५ अंशांना २४ तास ठेवायचे आणि थंड झाल्यावर, एक दिवस भिजवून, फोडायचे. नवी राख असलेले दोन्ही संच खाली आले तर राख दोषी. यार्डातील द्रावणाचे दोन्ही खाली आले तर द्रावण दोषी. चारही चांगले आले तर दोष चेंबरमध्ये, खडीत किंवा मिक्सरवर आहे. चार-पाच दिवसांत उत्तर मिळते आणि अंदाजाने तक्ता बदलण्याची वेळ येत नाही.

खडी-वाळूविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आपल्याकडील काळ्या पाषाणाची खडी चांगलीच असते, पण खाणीचा वरचा, झिजलेला, पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेला दगड टाळावा, कारण तो द्रावण पितो. मातीची पूड खडीला चिकटलेली नसावी. वाळूतील ओलावा रोज सकाळी तव्यावर भाजून मोजावा आणि तेवढे पाणी हिशेबातून वजा करावे. सिमेंटच्या कामात चालणारे पॉलिकार्बोक्झिलेट प्रकारचे प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारी रसायने) तीव्र अल्कलीत बहुधा टिकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर पाणी कमी करू नये.

स्लॅग घालावा का?

चेंबरचा खर्चच नको असेल तर राखेच्या जागी काही प्रमाणात लोखंडाच्या भट्टीचा दळलेला स्लॅग (मळी) वापरणे हा खरा मार्ग आहे. स्लॅगमधील कॅल्शियममुळे वेगळा, लवकर जमणारा जेल तयार होतो आणि साध्या तापमानालाही ताकद येते. १० टक्क्यांपासून सुरुवात करून २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाता येते. मात्र हिवाळ्यात वरदान ठरणारे हे मिश्रण मेच्या दुपारी मिक्सरमध्येच घट्ट होऊ लागते. त्यामुळे स्लॅगचे प्रमाण वर्षभर एकच न ठेवता ऋतूनुसार दोन तक्ते ठेवणे आणि उन्हाळ्यात पहाटे काम उरकणे इष्ट. पूर्वनिर्मित वस्तूंत अल्कली-सक्रियित काँक्रीट वापरण्यासाठी आयएस १७४५२ ही मार्गदर्शक तत्त्वे २०२० पासून उपलब्ध आहेत; नवा तक्ता बसवताना ती समोर असावीत.

कच्च्या राहिलेल्या मालाचे काय?

तो लगेच फोडून टाकू नये. ठोकळे झाकलेले होते आणि फोडल्यावर गाभा गडद, ओलसर दिसतो आहे, तर अभिक्रिया संपलेली नसून थांबलेली असते. असा माल पुन्हा प्लॅस्टिकमध्ये बांधून, गाभ्याचे तापमान ६५ अंशांवर आल्यापासून २४ तास ठेवल्यास बऱ्याच अंशी सुधारतो. आम्ही जानेवारीतील दोन थप्प्या अशाच वाचवल्या. गाभा फिकट आणि कोरडा पडला असेल, बोटाने चोळल्यावर राख सुटत असेल, तर पुन्हा गरम करण्यात इंधन वाया जाते. तिसरी थप्पी तशी होती. ती आम्ही यार्डाच्या मागच्या रस्त्याच्या भरावात घातली, आणि पावसाळ्यात तेथे चाक रुतले तेव्हा ती न विकण्याचा निर्णय बरोबर होता याची खात्री पटली.